तातडीचा डबा

राजाभाऊ चांदोरकरांना शेतीतलं काडीचंही कळत नव्हतं, आणि शेतीचं काम त्यांना मिळालं ते नेमकं याच गुणावर. यात नवल काही नाही. आपल्याकडे ज्याला पोहता येत नाही त्याला तलावाच्या समितीवर घेतात आणि पोहणारा अर्ज घेऊन काठावर उभा असतो.

झाशीच्या मराठी मंडळींची कोजागिरी होती. ही मंडळी दोन तऱ्हांची. एक लक्ष्मी गेटातली जुनी घरं, ज्यांचे खापरपणजोबा इकडे आले आणि इकडचेच झाले. दुसरी राजाभाऊंसारखी, नोकरीपायी आलेली आणि निवृत्तीनंतर 'पुढच्या वर्षी पुण्याला जाऊ' असं म्हणत इथेच राहिलेली. वर्षातून एकदा दोन्ही तऱ्हा एकत्र येतात आणि एकमेकींच्या आटीव दुधाला नावं ठेवतात. यंदा तिथे निरंजनजी नावाचे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते. बुंदेलखंड कृषी ज्ञानपेढी नावाची एक संस्था नुकतीच निघाली होती, तिचे ते प्रभारी. दूध पिऊन झाल्यावर ते हात जोडून म्हणाले, "गाँव-गाँव से किसान भाइयों ने फोन पर सवाल भेजे हैं. जवाब देने को वैज्ञानिक तैयार बैठे हैं. बस, पहले किसको जवाब दें, ये समझ नहीं आ रहा. पोर्टल छाँटने वाला था, पर पोर्टल बंद है."

"केव्हा सुरू होईल?" कोणीतरी विचारलं.

"वो जिसे पता है, वो छुट्टी पर है," निरंजनजी शांतपणे म्हणाले. "सब छपवा लिया है. कोई पढ़ा-लिखा आदमी छाँट दे. तीन हिस्से – अभी, जल्दी, और कभी भी. दिवाली के बाद वाले सोमवार तक मिल जाए तो ठीक. नहीं तो बुवाई निकल जाएगी, फिर ये सवाल रद्दी हैं."

राजाभाऊ उठून उभे राहिले. उभी हयात त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली होती. आलेल्या मालावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या: पास, दुरुस्ती, नापास. माल त्यांच्याशी कधी बोलला नाही आणि ते मालाशी कधी बोलले नाहीत, आणि या अबोल्याचा त्यांना अभिमान होता. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारेनासं झालं होतं. घरात काय भाजी करायची हे ताराबाई भाजीवाल्याला विचारत, आणि पाऊस पडेल का हे दूधवाल्याला. आणि इथे तर अख्खा जिल्हा प्रश्न विचारत होता.

"वर्गीकरण म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," राजाभाऊ म्हणाले. निरंजनजींना ते कळलं नाही, पण आवाजातला भरवसा कळला.

"अहो, आपल्या कुंडीतली तुळस तीनदा वाळलीय," ताराबाई हळूच म्हणाल्या. पण तोवर टाळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षातून दोन गोण्या आल्या. प्रत्येक प्रश्नाची कागदाची एक पट्टी. वर तारीख, गाव, नाव, फोन नंबर आणि खाली प्रश्न, जसा पाठवला तसा छापलेला. राजाभाऊंनी बैठकीच्या खोलीत सतरंजी पसरली, चष्मा पुसला, दाराला 'काम चालू आहे' असा पुठ्ठा लटकवला आणि पहिली गोणी उपडी केली. वर पंखा चालू होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढला तासभर ते आणि ताराबाई सोफ्याखालून, देव्हाऱ्यातून आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवरून शेतकरी गोळा करत होते. त्यानंतर पंखा बंद. झाशीचा ऑक्टोबर ज्याने भोगला आहे त्यालाच या त्यागाची किंमत कळेल. ताराबाईंनाही तो त्याग करावा लागला, आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

शेजारी हरिभाऊ राहत. त्याच कारखान्यात हिशेब खात्यात होते. गच्चीवर आलेल्या पट्ट्या परत द्यायला म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसले.

"राजाभाऊ, सोपं आहे. ज्याचा फोन आधी आला, तो आधी. तारखेप्रमाणे लावा आणि मोकळे व्हा."

"हरिभाऊ, आग लागलेला माणूस रांगेत उभा करायचा का?"

"आग कशाला लागेल? शेती आहे ती."

पुष्पाताईही आल्या. त्यांचे यजमान सुभेदार, बबीना छावणीत. मूळच्या साताऱ्याकडच्या. बाजाराला झाशीत आल्या की ताराबाईंकडे चहा ठरलेला. त्या पट्ट्यांकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, आमच्यात जखमी आले की डॉक्टर काय बघतो ठावं हाय? जो वरडतोय त्याला बाजूला ठेवतो. जो गप पडलाय त्याच्याकडं आधी पळतो."

"ते माणसांचं झालं, पुष्पाताई. हे कागद आहेत."

आणि लक्ष्मी गेटातल्या यमुनाबाई. वय विचारायची कोणाची हिंमत नाही. घरात मराठी, दारात बुंदेली आणि दोन्हींच्या मधे जे काही ते त्यांच्या तोंडी. राजाभाऊंना त्या सरळ 'राजा' म्हणत. फोनवर सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अरे राजा, इतकी काय परेशानी? फोन नंबर लिहिला आहे ना? उचल फोन आणि पूछ त्याला, बाबा, तुझं काय अडलंय."

राजाभाऊ हसले. यमुनाबाईंच्या अडाणीपणावर हसावं तसं हसले. निरीक्षक मालाला विचारत नसतो की, बाबा तू पास का नापास. कागदावर जे दिसतं ते बघायचं आणि चिठ्ठी लावायची. हा शास्त्राचा मार्ग. सुशिक्षित माणसाचं असंच असतं. समोरच्याला एक शब्द विचारायचा सोडून तो त्याच्याबद्दल तक्ता तयार करतो.

तक्ता तयार झाला. ज्या पट्टीवर 'तत्काल', 'अति आवश्यक', 'सर्वोच्च प्राथमिकता' असं काही असेल ती 'आत्ता'. ज्यात पूर्ण नाव, गाव, तहसील, जमिनीचं माप अशी नीट माहिती असेल ती 'लवकर'. आणि ज्यात राम राम, घरची खुशाली, आडवळणं आणि शेवटी 'फुरसत मिले तो' असेल ती 'कधीही'. ज्याला स्वतःलाच घाई नाही त्याची घाई आपण का करावी? राजाभाऊंना हा विचार इतका आवडला की त्यांनी तो ताराबाईंना दोनदा ऐकवला.

आता पट्ट्या ठेवायच्या कशात? पंख्याने धडा दिलेला होता. झाकणाचे डबे हवेत, आणि मोठे. ताराबाईंनी आपले डबे द्यायला साफ नकार दिला, कारण फराळ तोंडावर आला होता. मग राजाभाऊ पिशवी घेऊन निघाले आणि तीन घरांतून तीन मोठे स्टीलचे डबे मागून घेऊन आले. फराळाच्या आत परत करतो असा शब्द देऊन. पुष्पाताईंचा डबा 'आत्ता'साठी, हरिभाऊंचा 'लवकर'साठी, आणि यमुनाबाईंचा, जो फडताळात न मावणारा, लग्नाच्या पंगतीतला होता, तो 'कधीही'साठी. कारण फुरसतीवाले सगळ्यात जास्त निघाले. प्रत्येक डब्याच्या बुडाला मालकिणीचं नाव कोरलेलं होतंच. आपल्या बायका नवऱ्याच्या नावाने उखाणा घेतील, पण डब्यावर नाव स्वतःचंच घालतात, आणि त्यात शहाणपण आहे.

काम संपलं. वसुबारसेला राजाभाऊंनी तिन्ही झाकणं दाबून लावली, वर 'आत्ता', 'लवकर', 'कधीही' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि निरंजनजींना फोन केला.

"बहुत बढ़िया, चांदोरकर जी. बस एक छोटी-सी फॉर्मैलिटी. छाँटने वाला खुद किसान नहीं होना चाहिए, नहीं तो अपना सवाल ऊपर रख लेगा. तो एक प्रमाणपत्र ले आइए कि आप किसान नहीं हैं."

धनत्रयोदशीच्या सकाळी राजाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून एका कचेरीत गेले. कोणत्या ते विचारू नका. सगळ्या सारख्याच असतात. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं, "क्या चाहिए?"

"मेरे नाम जमीन नहीं है, ये लिखकर चाहिए."

"कौन-सी जमीन?"

"कोई भी."

"खाता नंबर?"

"जमीन ही नहीं है, तो खाता नंबर कहाँ से आएगा?"

"तो हम कौन-सा खाता खोलकर देखें कि उसमें आपका नाम नहीं है?"

तर्कात कुठेतरी खोट होती, पण ती खिडकीच्या आतल्या बाजूला होती. रांगेतल्या एका जाणत्या माणसाला त्यांची दया आली. "भाईसाहब, एक छोटा-सा टुकड़ा खरीद लीजिए. नाम चढ़वाइए, फिर बेच दीजिए. तब बन जाएगा." राजाभाऊंनी क्षणभर यावर गंभीरपणे विचार केला, यावरून त्यांची मनःस्थिती समजून घ्यावी.

दुपार टळल्यावर ते घरी आले. घरभर चकलीचा वास होता. ताराबाई कोपरापर्यंत पिठात. बैठकीच्या खोलीत सतरंजी होती, कोपऱ्यात रिकाम्या गोण्या होत्या, आणि डबे नव्हते.

"तारा, डबे?"

"नेले की."

"कोणी?"

"ज्यांचे त्यांनी. फराळाला हवेत म्हणून हरिभाऊंकडच्या वहिनी आल्या, पुष्पाताई बाजारात आल्या होत्या त्या आल्या, यमुनाबाईंची सून आली. माझे हात बरबटलेले. मी म्हटलं, आत आहेत, बुडाला नाव बघा आणि आपापला घेऊन जा."

"अगं, त्यात शेतकरी होते."

ताराबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. चकली तेलात होती, तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तरीच. सगळ्या म्हणत होत्या, ताराबाई, कशाला एवढं भरून दिलंत."

इथे बाहेरगावच्या वाचकाला एक सांगायला हवं. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर तरी घालतात. डबा उचलताना जड लागला, तेव्हा तिन्ही घरांना वाटलं की ताराबाईंनी आतून लाडू भरले आहेत. उघडून बघणं शिष्टाचारात बसत नाही. उघडायचा घरी जाऊन, आणि नावं ठेवायची तीही घरी जाऊन.

सोमवार पाच-सहा दिवसांवर. राजाभाऊ चपला न बदलता हरिभाऊंकडे धावले.

हरिभाऊ जेवणाच्या टेबलावर 'लवकर'च्या पट्ट्या पसरून बसले होते. त्यांनी त्या तारखेप्रमाणे लावल्याच होत्या. शिवाय रिकामा वेळ होता म्हणून फोनही लावायला घेतले होते. "राजाभाऊ, तुमच्या 'लवकर'मधल्या निम्म्यांना आता काही नकोच आहे," ते म्हणाले. "त्यांनी श्रावणात विचारलं होतं. एक जण म्हणाला, बाबूजी, ज्या म्हशीबद्दल विचारलं ती विकली, आता नवीन म्हशीबद्दल विचारू का?"

राजाभाऊंनी पट्ट्या पिशवीत भरल्या आणि बबीनाची बस धरली. वाटेत ते मनातल्या मनात हरिभाऊंना हिशेब खात्यासकट शिव्या देत होते. तपासून, शिक्का मारून ठेवलेला माल दुसऱ्याने उघडायचा म्हणजे काय? कारखान्यात असं झालं असतं तर मेमो दिला असता.

पुष्पाताईंच्या क्वार्टरच्या अंगणात चार-पाच जवानांच्या बायका डब्याभोवती बसल्या होत्या. कोणी कोल्हापूरची, कोणी जालन्याची. सगळ्या शेतकऱ्यांच्या लेकी. राजाभाऊंना बघून त्यांनी हसू पदराआड दाबलं.

"या भाऊजी. म्हटलं लाडू असतील, तर ह्यातून सरपंच निघाले," पुष्पाताई म्हणाल्या. "डब्यावर 'आत्ता' लिवलंय, पण ह्यात एक बी जखमी न्हाई. ह्याला ज्ञानपेढीची टोपी कवा मिळणार ते हवंय, अति आवश्यक. ह्याला त्याचा फोटू पोर्टलवर दिसत न्हाई, तत्काल. आन् ह्यो म्हणतोय, उद्घाटनाला मला हार घाला."

"सगळेच असे?"

"सगळे न्हाईत, पण वरडणारे सगळे हितंच गोळा केलेत तुम्ही." मग राजाभाऊंचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बसा. उन्हातनं आलाय. आधी पाणी घ्या."

पाणी पिताना राजाभाऊंच्या लक्षात आलं की, टोपीवाले 'आत्ता'त असतील, तर यमुनाबाईंच्या त्या लग्नाच्या डब्यात काय असेल. आणि अर्धा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला. त्यांना आपली इज्जत आठवली नाही, मेमो आठवला नाही. सोमवार आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लक्ष्मी गेटात पोचले तेव्हा यमुनाबाई माजघरात पाटावर बसल्या होत्या. समोर डबा उघडा, कानाला फोन. शेजारी सून पट्टी वाचून नंबर लावून देत होती. नरकचतुर्दशी, घरात उटण्याचा वास, आणि यमुनाबाई बुंदेलीत कोणाला तरी झापत होत्या. "काय रे, तीन दिन से पत्ता सूख रए, और तैं लिखत है फुरसत होय सो? तोय सरम नइयां?" फोन ठेवून त्या राजाभाऊंकडे वळल्या.

"बैस. तू यांना 'कधीही' म्हणून बाजूला टाकलंस?"

"त्यांनीच लिहिलं होतं, काकू. फुरसतीने सांगा म्हणून."

"अरे, मग काय लिहितील? अनजान माणसाकडे मागायचं म्हणजे असंच मागतात. तू लग्नाला मुलगी बघायला गेलास तेव्हा काय तत्काल म्हणालास?" सून तोंड फिरवून हसली. यमुनाबाईंनी एक पट्टी पुढे केली. "हे वाच. मोठ्याने."

राजाभाऊंनी वाचलं. मऊरानीपुराजवळच्या खेमचंद कुशवाहाची होती. 'राम राम. सब कुसल है. मटर बोई ती, जमी नइयां. बीज सड़ गओ सो दिखात. दुबारा बोएँ के गेहूँ डार दएँ. आपखों फुरसत होय सो बता दइयो.'

मटार पेरला होता, उगवला नाही. बी कुजलं. पुन्हा पेरायचा की गहू टाकायचा, एवढाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर काही दिवसांत नाही मिळालं तर दोन्ही नाही. ही पट्टी राजाभाऊंनी स्वतःच्या हाताने 'कधीही'त टाकली होती. टाकताना, आठवतं तसं, त्यांनी चहाही मागवला होता.

"मी याच्याशी बोलले," यमुनाबाई म्हणाल्या. "तो म्हणाला, माताजी, बियाणं घरात आहे, हात थांबलाय, कोणी हो म्हणाला तर पेरतो. असे पुष्कळ आहेत यात. वेगळे काढलेत बघ, परातीत."

परात भरलेली होती.

राजाभाऊंना तिथे काहीतरी बोलायचं होतं. पण आपल्यात आभार मानायची सोय नाही. आभार मानतात ते फक्त व्यासपीठावर, कार्यक्रम लांबला आणि माणसं उठायला लागली की. घरात, समोरासमोर, पाटावर बसलेल्या बाईला काय म्हणायचं हे पन्नास-साठ वर्षांत कोणी शिकवत नाही. ते नुसते खाली बसले, परात पुढे ओढली आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

पहिला फोन लावताना त्यांचा आवाज फाटला. "मैं... तपासणी खाते से बोल रहा हूँ," असं काहीतरी ते म्हणाले, आणि पलीकडच्या माणसाने घाबरून फोन ठेवून दिला. यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. "राजा, आधी राम राम म्हण."

मग ते राम राम म्हणू लागले.

पाडव्याला ताराबाई चिवडा घेऊन आल्या आणि नंबर लावायला बसल्या. हरिभाऊ तारखा सांभाळायला आले. पुष्पाताई आपल्या मैत्रिणींना घेऊन बबीनाहून आल्या, आणि कुठलं पीक किती दिवस वाट बघतं यावर त्यांच्यात कोल्हापूर विरुद्ध जालना असं भांडण झालं. ते राजाभाऊंनी इतक्या भक्तिभावाने ऐकलं की त्यांचा चहा गार झाला. भाऊबीजेला यमुनाबाईंनी सगळ्या पुरुषांना एका रांगेत बसवून ओवाळलं आणि ताट खाली ठेवायच्या आत पुन्हा फोन हातात दिले. या तीन दिवसांत राजाभाऊंनी जेवढ्या माणसांना 'तुमचं काय अडलंय' असं विचारलं, तेवढ्यांना अख्ख्या नोकरीत विचारलं नव्हतं. संध्याकाळी घसा बसायचा, आणि तरी घरी जाताना ते गुणगुणायचे. ताराबाईंनी हे बघितलं आणि पंखा लावला.

सोमवारी तीन गठ्ठे निरंजनजींच्या टेबलावर गेले. ते बघून निरंजनजींनी नियमाने फॉर्म पुढे केला. "छाँटने वाले का नाम. एक ही."

"एक नहीं होगा," राजाभाऊ म्हणाले. "मैंने तो उलटा छाँटा था, साहब. सीधा इन लोगों ने किया." आणि त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. सुभेदारांच्या घरापासून यमुनाबाईंच्या सुनेपर्यंत. निरंजनजींनी चार नावांनंतर पेन खाली ठेवलं. "चांदोरकर जी, यहाँ जगह नहीं है."

"तो कागज बड़ा कीजिए."

निरंजनजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. प्रमाणपत्राचं त्यांनी विचारलंच नाही. ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्याच दुपारी परातीतल्या पट्ट्यांना वैज्ञानिकांचे फोन गेले. खेमचंदला सांगितलं की मटारच पेर, वेळ आहे अजून. बियाण्याला औषध चोळ, आणि जास्तीची ओल जिरून वाफसा आल्याशिवाय पेरू नकोस.

पौषातल्या एका सकाळी कॉलनीच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. मागे गोणी बांधलेली. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक माणूस ज्ञानपेढीतून मिळालेला इथला पत्ता दाखवत विचारत होता. "वो माताजी काँ रहतीं, जिनने फोन करो तो? मटर लाए हैं उनके लाने. हम खेमचंद."

राजाभाऊ दूध आणायला निघाले होते. गोणीच्या तोंडातून हिरव्यागार शेंगा डोकावत होत्या, दवाने ओल्या. त्यांनी एक शेंग हातात घेतली, उघडली नाही, नुसती धरून ठेवली. मग म्हणाले, "लक्ष्मी गेट. चलो, मैं दिखाता हूँ." आणि दुधाची किटली घेऊन मागे बसले. गोणीने जागा खाल्ली होती, म्हणून त्यांनी तीच मांडीवर घेतली.

थंडी मरणाची होती. किटली खडखडत होती, मांडी ओली झाली होती, आणि कॉलनीतली दोन माणसं थांबून बघत होती. राजाभाऊंनी त्यांना मान डोलावून नमस्कार केला.

चौकात गाडी हळू झाली तेव्हा खेमचंदने मान मागे वळवली. "बाबूजी, आप माताजी के कौन लगत?"

राजाभाऊंनी मांडीवरची गोणी सावरली.

"मैं वो हूँ, जिसने तुम्हें फोन नहीं किया था."

खेमचंदने पुढे बघितलं, एका सांडाला वाट दिली, आणि गाडी पुन्हा वेगात घेतली. "हओ," तो म्हणाला. "तो अब बोल लो. अबै तो रस्ता लंबो है."